आधी वेळापत्रक, मग रूळ

स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याकडे काय काय नसतं, ते आधी पाहू. गाडी नसते, गाडी चालवायचा परवाना नसतो. हॉटेलात राहण्याइतके पैसे नसतात. सलग सुट्टी नसते, कारण आठवडाभर व्याख्यानं, प्रयोगशाळा आणि गृहपाठ. हाती असतो फक्त शनिवार, फार तर रविवार, आणि सोमवारी सकाळी पुन्हा वर्गात बसायचं असतं. अशा माणसाला एका वर्षात एखादा देश किती पाहता येईल?

जवळजवळ सगळा. मी तिथे शिकत असताना हेच घडलं. एका शनिवारी डोंगराच्या पोटात कोसळणारे धबधबे, दुसऱ्या शनिवारी इटलीच्या सीमेवरची ताडाची झाडं, तिसऱ्या शनिवारी फ्रेंच बोलणाऱ्या गावांतले द्राक्षांचे मळे. आणि प्रत्येक वेळी रात्री झोपायला स्वतःच्या खोलीत!

लोक म्हणतात, त्यात काय विशेष, देशच छोटा आहे. क्षेत्रफळ ४१,२८५ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सातव्या भागाइतकं. खरं आहे. पण या देशाचा निम्म्याहून अधिक भाग आल्प्सने व्यापला आहे. नकाशावर शेजारी-शेजारी दिसणाऱ्या दोन गावांच्या मधे तीन हजार मीटरची भिंत उभी असते. असा मुलूख छोटा असून उपयोग काय? मग परवाना नसलेला विद्यार्थी सकाळी निघून रात्री परत येतो, तो कशाच्या जोरावर?

वेळापत्रकाच्या. हो, वेळापत्रकाच्याच. मी त्या देशात पाहिलेली सगळ्यांत थक्क करणारी गोष्ट ही आहे, आणि तिच्यापुढे मला हिमशिखरंसुद्धा दुय्यम वाटतात.

एक छोटं कोडं घ्या. दोन शहरांच्या मधे दोन्ही बाजूंनी दर तासाला एक गाडी सुटते. तुम्ही त्यांतल्या एका गाडीत बसला आहात. समोरून येणाऱ्या गाड्या तुम्हाला किती वेळाने भेटत राहतील? पटकन उत्तर येतं, दर तासाला. पण थांबा. त्या गाड्या तुमच्याकडे येताहेत आणि तुम्हीही त्यांच्याकडे निघाला आहात. अंतर दोन्हीकडून कापलं जातंय. म्हणून भेट होते दर अर्ध्या तासाला. मार्ग कितीही लांब असो, डोंगरातला असो की सपाटीवरचा, दर तीस मिनिटांनी भेट ठरलेली.

आता पुढची पायरी. या भेटी रानात, दोन स्थानकांच्या मधे कुठेतरी होण्याऐवजी मोठ्या स्थानकांत घडवून आणल्या तर? समजा, दोन मोठ्या शहरांमधला प्रवास अर्ध्या तासाहून किंवा तासाहून थोडासाच कमी वेळात होईल असं जमवलं. मग एका शहरातून ठोक्याला सुटलेली गाडी पुढच्या शहरात पुढच्या ठोक्याच्या जरा आधी पोहोचेल, आणि समोरची गाडीही त्याच वेळी तिथे आलेली असेल. हेच पूर्वेच्या, पश्चिमेच्या, उत्तरेच्या, दक्षिणेच्या गाड्यांचं केलं तर? सगळ्या दिशांच्या गाड्या एकाच वेळी एकाच स्थानकात! चार दिशांच्या चार गाड्या आल्या तर प्रत्येकीतून उरलेल्या तिघींत जाता येतं, म्हणजे बारा प्रवास जोडले गेले. सहा आल्या तर तीस. गाड्या थोड्या वाढल्या, की जोडण्या भराभर वाढतात.

आपल्याकडचा आठवडी बाजार याच तत्त्वावर चालतो. पंचक्रोशीतला प्रत्येक जण आपापल्या सोयीच्या दिवशी आला असता, तर कांदेवाल्याला गिऱ्हाईक भेटलं नसतं आणि गिऱ्हाइकाला कांदे. सगळे बुधवारी येतात म्हणून देवघेव होते. स्वित्झर्लंडने हा बाजार दर तासाला, कित्येक ठिकाणी दर अर्ध्या तासाला भरवला आणि तोही देशभरातल्या मोठ्या स्थानकांत एकाच वेळी.

हे सुचलं कोणाला? ठरावीक अंतराने धावणाऱ्या गाड्यांचं देशव्यापी वेळापत्रक नेदरलँड्सने १९७० सालीच अमलात आणलं होतं. स्विस रेल्वेतल्या काही तरुण अभियंत्यांना या कल्पनेने झपाटलं. सॅम्युएल श्टेली, हान्स माइनर आणि जाँ-पिएर बेर्तुझो यांनी १९७२ मध्ये स्वित्झर्लंडसाठी तसा आराखडा मांडला. मोटारींच्या भरभराटीचा तो काळ. हमरस्ते बांधले जात होते आणि रेल्वेचे प्रवासी घटत होते. अशा वेळी हे तरुण सांगत होते, गर्दी असो वा नसो, दर तासाला गाडी सोडा! दहा वर्षांनी, २३ मे १९८२ रोजी, देशभर तेच सुरू झालं. प्रत्येक तासाला एक गाडी, सकाळपासून रात्रीपर्यंत, त्याच मिनिटाला.

इथवर तुम्ही म्हणाल, छान, शिस्तीचा देश आहे. पण खरी गंमत पुढे आहे.

अडचण अशी होती की सगळे प्रवास काही तासाच्या आत बसत नव्हते. झुरिक ते बर्न हे अंतर साधारण १२० किलोमीटर. गाडीला सुमारे ७० मिनिटं लागत. म्हणजे झुरिकच्या ठोक्याला निघालेली गाडी बर्नला पोहोचेपर्यंत तिथला बाजार उठून दहा मिनिटं झालेली! मग काय करायचं? जगातल्या बहुतेक रेल्वे आधी रूळ घालतात, त्यांवर गाडी किती वेगाने धावते ते पाहतात आणि मग वेळापत्रक छापतात. स्विस लोकांनी क्रम उलटा केला. त्यांनी आधी वेळापत्रक लिहिलं. त्यात झुरिक ते बर्न एक तासाच्या आत असायला हवं असं ठरलं, आणि मग त्या आकड्यासाठी रूळ बांधले.

केवढे रूळ? याच वाटेवर मात्टश्टेटेन ते रोथ्रिस्ट, फक्त ४५ किलोमीटर. गाड्यांचा वेग ताशी २०० किलोमीटर. त्याच काळात शेजारच्या फ्रान्समध्ये ताशी ३०० किलोमीटरने गाड्या धावत होत्या. मग इथे का नाही? कारण बर्नला आणखी दहा मिनिटं लवकर पोहोचून प्रवासी करणार काय? पुढच्या गाडीची वाट पाहत फलाटावर उभा राहणार! ती दहा मिनिटं विकत घ्यायला अब्जावधी फ्रँक लागले असते आणि पदरात काहीच पडलं नसतं. म्हणून त्यांनी ठरवलं, वेग लागेल तेवढाच. प्रवाशाला घरापासून मुक्कामापर्यंत किती वेळ लागतो, एवढाच हिशोब खरा.

या आराखड्यावर देशाने मतदान केलं! ६ डिसेंबर १९८७ रोजी रेल्वेचा हा कार्यक्रम जनतेसमोर गेला आणि सुमारे ५७ टक्के मतदारांनी होकार दिला. १२ डिसेंबर २००४ च्या रविवारी नवा मार्ग आणि नवं वेळापत्रक एकदम लागू झालं. रात्री लोक झोपले तेव्हा एक वेळापत्रक होतं, सकाळी उठले तेव्हा देशातल्या बहुतेक सगळ्या गाड्यांच्या वेळा बदललेल्या होत्या. झुरिक, बर्न आणि बाझल ही तिन्ही शहरं एकमेकांपासून तासाच्या आत आली. झुरिकहून ८ वाजून २ मिनिटांनी निघालेली गाडी ८ वाजून ५८ मिनिटांनी बर्नला, आणि ९ च्या ठोक्यानंतर तिथून सगळ्या दिशांना पांगापांग.

आता ०२ आणि ५८ या दोन आकड्यांकडे जरा टक लावून पाहा. बेरीज किती? साठ. हा योगायोग वाटतो? मुळीच नाही. सगळं वेळापत्रक ठोक्याच्या मिनिटाभोवती आरशासारखं उभं केलेलं आहे. ठोक्याआधी सात मिनिटं जी गाडी येते, तिची जोडीदार ठोक्यानंतर सात मिनिटांनी उलट दिशेला सुटते. एखाद्या गावाहून येणारी गाडी तुमच्या स्थानकात ५३ व्या मिनिटाला येत असेल, तर त्या गावाला जाणारी गाडी ०७ व्या मिनिटाच्या आसपास सुटणार. साठातून वजा करा, उत्तर हाती. आणि यातून आणखी एक अद्भुत गोष्ट आपोआप घडते. जाताना गाडी बदलायला पाच मिनिटं मिळत असतील, तर परतीच्या वाटेवरही तेवढीच मिळतात. जाण्याची सोय बसवली की येण्याची सोय फुकट! परगावी अडकून पडू, या विद्यार्थ्याच्या भीतीवर गणिताने दिलेलं हे उत्तर आहे.

पण एवढा बारीक खेळ खेळायचा तर घड्याळं तशी हवीत ना? स्विस स्थानकांवरचं घड्याळ तुम्ही चित्रात पाहिलं असेल. पांढरी तबकडी, काळे काटे आणि टोकाला गोल चकती असलेला लाल सेकंदकाटा. हान्स हिल्फिकर या रेल्वेतल्या अभियंत्याने १९४४ मध्ये ते घडवलं, आणि लाल काटा १९५३ मध्ये त्याला जोडला गेला. ती गोल चकती आली गाडी सोडण्यासाठी दाखवल्या जाणाऱ्या इशाऱ्याच्या चकतीवरून. आता फलाटावर उभे राहून त्या काट्याकडे मिनिटभर बघा. तो साठ सेकंदांची फेरी साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांतच पुरी करतो आणि बाराच्या खुणेवर येऊन थांबतो. हो, चक्क थांबतो! मुख्य घड्याळाकडून मिनिटाचा विद्युत इशारा येतो, मिनिटकाटा टपकन पुढे सरकतो आणि मगच लाल काटा पुन्हा निघतो. प्रत्येक घड्याळ दर मिनिटाला इतरांची वाट पाहतं, म्हणून सगळ्या स्थानकांवर मिनिट एकदमच बदलतं.

दोन ठिकाणची घड्याळं एकाच क्षणी एकच वेळ दाखवतात, म्हणजे नेमकं काय होतं? हा प्रश्न याच प्रदेशात एका तरुणाला पडला होता. तो १८९६ ते १९०० या काळात झुरिकच्या तंत्रविद्यापीठात शिकला, मग बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरीला लागला. १९०५ सालच्या आपल्या शोधनिबंधात, अगदी सुरुवातीच्या पानांतच, एकाच वेळी घडणं म्हणजे काय हे समजावताना त्याने उदाहरण घेतलं ते सात वाजता येणाऱ्या गाडीचं. तो निबंध होता विशेष सापेक्षतेचा आणि तो तरुण अल्बर्ट आइनस्टाइन. काळाविषयीची आपली समज उलटीपालटी करणाऱ्या विचाराच्या उंबरठ्यावर आगगाडी आणि घड्याळ उभं आहे, याचं मला आजही नवल वाटतं.

बरं, आता या जाळ्यात बसून थोडं फिरू या.

झुरिकहून बर्न, तिथे काही मिनिटांत गाडी बदलून इंटरलाकेन, आणि तिथून अरुंद रुळांची छोटी गाडी. ही गाडी पुढे दोन ठिकाणी जाते! अर्धे डबे एका दरीत, अर्धे दुसऱ्या दरीत. त्स्वायल्युटशिनेन नावाच्या छोट्या स्थानकात ती दुभंगते, एक भाग ग्रिंडेलवाल्डला निघतो आणि दुसरा लाउटरब्रुनेनला. आपण लाउटरब्रुनेनच्या डब्यात बसू. हिमनदीने हजारो वर्षं खरवडून केलेली ही दरी आहे. तळ सपाट, दोन्ही बाजूंना ताशीव कडे. वरच्या कड्यावरून श्टाउबबाख धबधबा जवळजवळ ३०० मीटर खाली झेपावतो, इतक्या उंचीवरून की वाऱ्यात त्याचे तुषार होऊन जातात. आणि दरीत थोडं आत गेलं की ट्र्युमेलबाख. आइगर, म्योंश आणि युंगफ्राउ या तीन शिखरांवरच्या हिमनद्यांचं वितळलेलं पाणी इथे डोंगर आतून पोखरत उतरतं. ऐन हंगामात सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत! बोगद्यातून आत शिरायचं आणि डोंगराच्या पोटात उभं राहून धबधबा पाहायचा. पायाखालचा कातळ थरथरतो. हे सगळं पाहून संध्याकाळी झुरिकच्या खोलीत भात टाकता येतो, हे पटतं का?

दुसरी सहल पूर्वेकडची. झुरिकहून कूर, आणि तिथून रेशियन रेल्वेची लाल गाडी. १९०२ मध्ये पूर्ण झालेला लांडवासर पूल इथे येतो. ६५ मीटर उंच, दगडी, सहा कमानींचा आणि वळणदार. पूल ओलांडून गाडी पुढे कुठे जाते? समोरच्या उभ्या कड्यातल्या बोगद्यात, थेट! मधे हातभर जमीन नाही. हे उंच खांब बांधताना बाहेरून परांचीसुद्धा उभारली नव्हती. खांबांच्या आत लोखंडी मनोरे उभे केले आणि त्यांच्या आधाराने दगड वर चढवत नेले.

पुढे सेंट मॉरिट्झनंतर बेर्निना मार्ग लागतो. आपला बोरघाट आठवा. तिथला तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर, आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. बेर्निनावर चढ आहे साधारण १४ मीटरला १ मीटर. तोही दातेरी रुळाशिवाय, नुसत्या चाकाच्या आणि रुळाच्या घर्षणावर. गाडी २,२५३ मीटर उंचीवरच्या ओस्पिझिओ बेर्निनाला पोहोचते. तिथे रुळांलगत दोन तळी आहेत, एक काळसर, एक पांढुरकं, एकमेकांच्या अगदी शेजारी. काळ्या तळ्याचं पाणी इन नदीत, तिथून डॅन्यूबमध्ये आणि शेवटी काळ्या समुद्रात जातं. पांढऱ्या तळ्याचं पाणी इटलीत उतरून पो नदीमार्गे एड्रिअॅटिक समुद्रात. पावसाचा एक थेंब चार हात इकडे पडला की तिकडे, एवढ्यावर त्याचा समुद्र ठरतो! मग गाडी उतरू लागते. ब्रुझिओला उंची कमी करायला जागाच उरत नाही, तेव्हा नऊ कमानींच्या गोल पुलावर ती पूर्ण वर्तुळ घेते आणि स्वतःच्याच रुळांखालून बाहेर पडते. खाली ४२९ मीटरवर इटलीतलं टिरानो. बर्फापासून ताडाच्या झाडांपर्यंत, काही तासांत.

तिसरी सहल दक्षिणेची, गोटहार्डच्या पोटातून. पहिला गोटहार्ड बोगदा १८८२ मध्ये सुरू झाला. १५ किलोमीटर लांब. दोन बाजूंनी खणत आलेले लोक १८८० च्या फेब्रुवारीत अंधारात एकमेकांना भेटले, तेव्हा दोन्ही बोगद्यांत चूक किती निघाली? बाजूला ३३ सेंटीमीटर, उंचीत ५ सेंटीमीटर. ना लेसर, ना उपग्रह, नुसती दुर्बीण, कोन आणि त्रिकोणमिती! पण किंमत फार मोठी होती. सुमारे २०० कामगार तिथे गेले, आणि बांधकामाचे प्रमुख लुई फाव्हर यांनीही १८७९ मध्ये त्या बोगद्यातच प्राण सोडला. या जुन्या मार्गावरून आजही जाता येतं. वासेन गावाजवळ डोंगराच्या आत गाडी गोल गिरक्या घेत चढते, आणि गावचं तेच चर्च खिडकीतून तीनदा दिसतं. आधी वर, मग समोर, मग खाली.

नवा बोगदा १ जून २०१६ रोजी खुला झाला. ५७ किलोमीटर, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. डोक्यावर काही ठिकाणी २,३०० मीटर जाडीचा डोंगर, आणि आत कातळाचं तापमान ४५ अंशांच्या आसपास. २०१० मध्ये दोन्ही टोकं जुळली तेव्हा बाजूचा फरक होता ८ सेंटीमीटर आणि उंचीचा १ सेंटीमीटर. मालगाड्यांना आल्प्सखालून सपाट वाट मिळावी आणि ट्रकची रीघ रुळांवर यावी, हा त्यामागचा मोठा हेतू. पण विद्यार्थ्याला त्यातून काय मिळालं? झुरिक ते लुगानो जेमतेम दोन तास. उत्तरेला रिपरिप पाऊस असताना गाडीत बसायचं, वीस मिनिटं अंधारात काढायची आणि पलीकडे बाहेर पडेपर्यंत भाषा बदललेली, घरांचे रंग बदललेले, अनेकदा आभाळसुद्धा.

याच गोटहार्डचं एक टोक आपल्या घाटापर्यंत पोहोचलं आहे. पहिल्या महायुद्धात कोळशाची आयात आटली, तेव्हा कोळसा नसलेल्या पण धबधब्यांनी भरलेल्या या देशाने गाड्या विजेवर न्यायचं ठरवलं. गोटहार्डच्या वळणांसाठी एक विलक्षण इंजिन बनलं. मधे चालकाची खोली, दोन्हीकडे लांब नाकाडं, आणि ती नाकाडं खोलीला बिजागरीने जोडलेली, म्हणजे वळणावर सगळं इंजिन रुळाबरोबर वाकतं. दिसायला थेट मगर, आणि जगभर ते त्याच नावाने ओळखलं जातं. मुंबईहून निघणाऱ्या मार्गांवरचे घाट विजेवर आले तेव्हा १९२८ च्या सुमारास जी इंजिनं आली, ती याच घराण्यातली. पहिली काही थेट झुरिकशेजारच्या विंटरथुरच्या कारखान्यातून. आपल्या रेल्वेच्या माणसांनी त्याला खेकडा म्हटलं, आणि या खेकड्यांनी बोरघाटात नि कसाऱ्याच्या घाटात कित्येक दशकं मालगाड्या चढवल्या. त्यांतला एक आज मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभा आहे.

मोठी सहल जमली नाही तर? हिवाळ्यात झुरिकवर आठवडेच्या आठवडे राखाडी छत पसरलेलं असतं. जुरा आणि आल्प्स यांच्या मधल्या सखल पट्ट्यात रात्री थंड, जड हवा साचते. वर उबदार हवेचं झाकण बसतं, आणि खाली अडकलेल्या बाष्पाचं धुकं होतं. एरवी उंच जावं तसा गारठा वाढतो. इथे उलट! मुख्य स्थानकावरून युएटलीबर्गची लोकल पकडायची आणि जेमतेम अर्ध्या तासात ८७० मीटरच्या टेकडीवर उतरायचं. धुक्याचा थर पातळ असेल तर वर लख्ख ऊन, आणि खाली क्षितिजापर्यंत पांढरा समुद्र. त्यातून आल्प्सची रांग बेटांसारखी वर आलेली. अभ्यासाला कंटाळलेल्या मुलांसाठी याहून जवळची सहल कुठली असेल?

आणि जिथे रूळ संपतात तिथे काय? तिथे पिवळी पोस्टाची बस उभी असते. १९०६ पासून या बस धावताहेत. डोंगरातल्या आंधळ्या वळणावर ती तीन सुरांचा भोंगा वाजवते, आणि ते सूर आहेत रोसिनीच्या विल्यम टेल संगीतिकेतले. किएनटाल ते ग्रीसआल्प या वाटेवर ती २८ टक्क्यांचा चढ चढते. पण मला सर्वांत भावते ती तिची वेळ. गाडी आली, दारं उघडली, आणि समोरच बस तयार. दहा-वीस घरांच्या वाडीकडे जाणारी ही बससुद्धा त्याच आरशातल्या वेळापत्रकाची शेवटची कडी आहे. झुरिकच्या स्थानकात ठोक्याला उठलेली लाट इथपर्यंत येऊन पोहोचते.

तिकिटाचं काय? देशात वाहतूक चालवणाऱ्या सुमारे अडीचशे संस्था आहेत. कोणाची आगगाडी, कोणाची बस, कोणाची तलावातली बोट. तरी प्रवाशाच्या हाती मात्र एकच तिकीट असतं, आणि पैशांची वाटणी ते आपापसांत करतात. फलाटावर अडवणारं फाटक नाही. वर्षभराचं अर्ध्या भाड्याचं कार्ड काढलं की बहुतेक तिकीट निम्म्यावर येतं. पंचविशीच्या आतल्यांसाठी संध्याकाळी सातपासून पहाटे पाचपर्यंतचा खास पासही मिळतो. परतीचा प्रवास सातनंतर करायचा, हे झुरिकमधल्या मुलांना कोणी शिकवावं लागत नाही. पाण्याची बाटली गावोगावच्या कारंज्यांवर भरायची आणि डबा घरून न्यायचा.

या सगळ्याचा अर्थ मी असा लावते. डोंगर त्या देशाला निसर्गाने दिले, पण डोंगर पोहोचण्याजोगे करणं हा माणसांनी घेतलेला निर्णय आहे. श्रीमंताला मोटार असते, त्याला वेळापत्रकाची गरज नसते. गरज असते ती शाळकरी पोरांना, म्हाताऱ्या माणसांना आणि परदेशातून आलेल्या, खिसा जपून चालणाऱ्या विद्यार्थ्यांना. १९८७ मध्ये ज्या शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी आणि शिक्षकांनी होकाराचं मत टाकलं, त्यांनी ओळखदेख नसलेल्या अशा कित्येकांचे शनिवार मोठे करून ठेवले. रूळ आणि गाड्या अनेक देशांकडे आहेत. त्या गाड्यांना एकमेकींची वाट पाहायला शिकवणं, हे मात्र नेटाने बसवलेलं अंकगणित आहे.

म्हणून तुमच्यापैकी कोणी, किंवा तुमच्या घरचं कोणी, यंदा तिकडे शिकायला निघत असेल तर माझं एवढं ऐका. पहिल्याच मोकळ्या शनिवारी स्थानकावर जा. सुटणाऱ्या गाड्यांचा पिवळा तक्ता शोधा, येणाऱ्यांचा पांढरा असतो. त्यात कधी न ऐकलेलं, उच्चारता न येणारं, सर्वांत दूरचं एखादं नाव निवडा आणि बिनधास्त बसा. परतीची काळजी नको. पोहोचल्याचं मिनिट साठातून वजा करा, त्या सुमाराला तुमची गाडी असेलच.